मधली ढील

वळण आलं, तिने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली नाही. वळली, पण आधी जरा विचार करून वळली. नवऱ्याला हाक मारावी आणि त्याने "हो, हो" म्हणत हातातलं पान पुरतं वाचूनच उठावं, तशी. तेवढ्या विचारात पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेला घासलं, चाकावरची चकचकीत टोपी निघाली आणि टणटणत रस्त्यापलीकडे गेली. बँकेच्या दारात उभा असलेला एक माणूस उडी मारून मागे सरला. गाडी त्याच्यापासून चांगली लांब होती, पण उडी मारायची संधी मिळाली की माणसं ती सोडत नाहीत. टोपी उचलून आणून द्यायचं सौजन्य मात्र त्याने दाखवलं, आणि ती तिच्या हातात देताना त्या सौजन्याचं व्याजही जागच्या जागी वसूल करून घेतलं. म्हणाला, "आजी, आता घरी बसा."

तिला नातवंडं नव्हती. त्यामुळे तो शब्द तिला पहिल्यांदा मिळाला तो असा, भर रस्त्यात, टोपीबरोबर. टोपी तिने शेजारच्या सीटवर ठेवली. शब्द कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तोही तिथेच राहिला आणि दोघं घरापर्यंत एकमेकांवर आपटत आले. वाटेत ती स्टिअरिंग अगदी हलकेच इकडून तिकडे करून बघत होती. डावीकडे गाडी ऐकत होती, उजवीकडे ऐकत होती. पण मध्ये, गाडी सरळ चाललेली असताना, एक जागा होती जिथे हातातलं चाक कशालाच जोडलेलं नव्हतं. तिथे ती एकटीच फिरवत होती. गॅरेजवाले याला प्ले म्हणतात, ती ढील म्हणायची. ढील असणं हे काही आक्रीत नव्हे, जुन्या गाडीत ती असतेच. पण एवढी? की ढील तितकीच होती आणि हातच उशिरा वळला? उजवा खांदा गेल्या वर्षापासून कुरकुरत होता. वरच्या फळीवरचा डबा काढताना तो आधी परवानगी मागायचा. ही जागा नक्की कुठे आहे, गाडीत की आपल्यात, हा प्रश्न तिच्या छातीत शिरला आणि पाय पसरून बसला.

त्या खांद्याचा एक्स-रे तिच्याच जुन्या दवाखान्यात निघाला होता, तिच्याच जुन्या टेबलावर, तिच्या जागी आलेल्या मुलीच्या हातून. "श्वास धरा," ती मुलगी म्हणाली, आणि हिला इतकं चमत्कारिक वाटलं की श्वास धरायचा राहूनच गेला. सगळी नोकरी हे दोन शब्द दुसऱ्यांना सांगण्यात गेली होती. शिशाचा जड एप्रन घालून ती लोकांना सरळ उभं करायची, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास धरा, सोडा. मग अंधाऱ्या खोलीत फिल्म हळूहळू उजळायची आणि आत काय आहे ते सगळ्यांत आधी तिला दिसायचं. बाहेर माणूस शर्टाची बटणं लावत उभा असायचा. "बाई, काय दिसतंय हो?" "रिपोर्ट डॉक्टर देतील." नोकरीला नवीन असताना एकदा ती बोलून गेली होती, की बरगडीला तडा आहे. मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "बाई, तुमचं काम फोटो काढायचं. बघायचं काम आमचं." तेव्हापासून ती बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. रिपोर्टांत एक वाक्य सारखं यायचं, "वयोमानानुसार झीज." तिला ते वाक्य म्हणजे हिशेबातला किरकोळ खर्च वाटायचा. ज्याचा मेळ लागत नाही ते सगळं त्या खात्यात ढकलायचं आणि बेरीज जुळवून मोकळं व्हायचं. गेल्या वर्षी तेच वाक्य तिच्या स्वतःच्या पाकिटात आलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि फिल्म कपाटामागे उभी करून ठेवली, शिक्षा केलेल्या पोरासारखी, तोंड भिंतीकडे करून.

टोपी हातात घेऊन ती जिना चढली तेव्हा सेक्रेटरी तळमजल्याच्या दारात उभा होता. हा बिल्डिंगचा सेक्रेटरी, म्हणजे पाण्याच्या पंपाची किल्ली आणि लोकांच्या घरातली बातमी, दोन्ही त्याच्याकडे. त्याने टोपी बघितली, "अरे अरे वहिनी" म्हणाला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत तिचा मुलगा दारात हजर झाला. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. एरवी आईला भेटायला त्याला ट्रॅफिक आडवा यायचा.

"आई, आज टोपीवर भागलं," तो म्हणाला. "उद्या भागणार नाही."

"स्टिअरिंगमध्ये ढील आहे."

"स्टिअरिंगमध्ये. बरं. बाबा, तुम्ही काही बोला ना."

नवरा शब्दकोडं सोडवत होता. "माझा आणि त्या गाडीचा संबंध फक्त शेजारी बसून कानात वारं जाण्यापुरता. मी काय बोलणार?"

मुलाने मग आवाज मऊ केला. याचा अर्थ, गोष्ट आधीच ठरवून आला होता. रविवारी एक गृहस्थ येणार होते. जुन्या गाड्या जमवतात, फार जपतात, स्वतंत्र शेड आहे, वर पंखे आहेत. "नुसते बघून जातील, आई."

"दवाखान्यातही लोक नुसतं दाखवून जातो म्हणूनच यायचे," ती म्हणाली. "मग ऑपरेशन करूनच जायचे."

नवऱ्याला हसू आलं, ते त्याने शब्दकोड्याच्या नावावर खपवलं. तिने गाडीची किल्ली पर्समधून काढली आणि घड्याळाखालच्या खिळ्याला सगळ्यांना दिसेल अशी अडकवली. "रविवारपर्यंत शोधून काढते. ढील गाडीत निघाली तर गाडी राहील. माझ्यात निघाली तर किल्ली तू घेऊन जा. त्या गृहस्थांना दे, पंख्याखाली ठेव, काय वाटेल ते कर."

"आणि ते ठरवणार कोण?"

"मी."

"आरोपी आणि न्यायाधीश एकच," नवरा मान वर न करता म्हणाला. "निकाल लवकर लागेल."

ती गाडी तिने स्वतःच्या पगारातून घेतली होती, मुलगा शाळेत असताना. दोनच सीट, उघडं छप्पर, लांब नाक, त्यांच्या लग्नापेक्षा वयाने मोठी. घरात तेव्हा नवऱ्याची चार दारांची शहाणी गाडी होतीच, तिच्यात सगळी माणसं, सगळं सामान आणि सगळ्यांचे सल्ले मावत. ही आली तेव्हा सासूबाई खिडकीतून बघून एवढंच म्हणाल्या, "तिसरा कुठे बसणार?" प्रश्न बिनतोड होता. माणसं तीन, जागा दोन. पुढे कितीतरी वर्षं त्या प्रश्नाचे हप्ते ती फेडत राहिली, लग्नाला नटून निघताना, सहलीला निघताना, मुलाला कॉलेजच्या फाटकाशी सोडताना. तो आधीच्या चौकात उतरायचा आणि म्हणायचा, "इथून चालत जातो, व्यायाम होतो." आईने अशी गाडी चालवावी, यात लाज नेमकी कसली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आणि तिलाही हे कधी सांगता आलं नाही, की दिवसभर दुसऱ्यांना श्वास धरायला लावल्यावर संध्याकाळी कुठेतरी तो सोडावा लागतो, आणि सोडायला दोनच सीट लागतात, खरं म्हणजे एकच. गाडीची देखभाल तिने कधी कोणाला करू दिली नाही. एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याकडून शिकून घेतली, त्याचं गॅरेज बंद झालं तेव्हा त्याचे पाने-पक्कड विकत घेतले. स्टिअरिंगचे सांधे ती दर मोसमाला स्वतः ग्रीस देऊन जपायची. गोल डोकं, खाली वाटी, वर रबराची टोपडी. खुब्याच्या सांध्यासारखेच ते, आणि खुबे तिने कमी बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रेग्झिनचा तुकडा अंथरून गाडीखाली शिरली आणि नवऱ्याला वर स्टिअरिंगवर बसवलं. या कामाला दोघं लागतात. एकाने चाक हलवायचं, दुसऱ्याने खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवायचा, आणि कोण वेळेवर उठतो, कोण झोपून राहतो ते बघायचं. इतक्या वर्षांत नवरा त्या सीटवर पहिल्यांदा बसला होता. त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागत होते आणि तो स्टिअरिंग असं धरून बसला होता की जणू ते कोणी तात्पुरतं सांभाळायला दिलं होतं.

"हलवा."

"कुठे?"

"इकडून तिकडे. थोडंसंच. मधल्या मध्ये."

"हॉर्न वाजवू का?"

"कशाला?"

"एवढा बसलोच आहे तर."

"थांबा. हं. आता हलवा. थांबा." आणि मग तिच्या तोंडून आपसूक गेलं, "श्वास धरा." वर खरंच शांत झालं. त्याने धरला असावा.

पहिला सांधा वेळेवर उठला. दुसराही. पलीकडच्या चाकाजवळचा, ज्याचा तिला संशय होता, तो तर बोटांखाली इतक्या तत्परतेने हलला की तिला त्याचा रागच आला. प्रत्येक सांधा ठणठणीत निघाला की एरवी बरं वाटायला हवं. इथे प्रत्येक निर्दोष सांध्यामागे दोष एकेक पाऊल तिच्याकडे सरकत होता. खांदा दुखत होता. डोळ्यांत गंजाची पूड पडत होती. गाडीच्या पोटाखाली, त्या काळ्या छपराखाली, तिला अंधारी खोली आठवली, आणि फिल्म उजळायच्या आधीचा तो क्षण, जेव्हा अजून काहीच दिसत नसतं आणि म्हणून सगळंच शक्य असतं. बाहेर बटणं लावत उभ्या असलेल्या माणसांना काय वाटत असेल ते तिला आत्ता, इतक्या उशिरा, पाठीवर पडल्यावर कळलं. बाई, काय दिसतंय हो? ही तिची स्वतःचीच विचारणा होती, आणि रिपोर्ट द्यायला डॉक्टर नव्हता. तिने ठरवलं, जे असेल ते बोलायचं. आपल्यात निघालं तरी मोठ्याने. तडा आहे, असं. त्या गोड आवाजाला आज तरी भ्यायचं नाही.

शेवटी उरला स्टिअरिंगचा बॉक्स, मुठीहून मोठा, लोखंडी, बंद. वरून स्टिअरिंगचा दांडा त्याच्यात शिरतो, आत गिअर असतो, खालून एक हात बाहेर येतो आणि तोच पुढे चाकं वळवतो. तिने एक पंजा दांड्यावर ठेवला, दुसरा त्या हातावर. "हलवा." दांडा फिरला. हात गप्प. दांडा आणखी फिरला. मग हात दचकून जागा झाला. तिने पुन्हा हलवायला लावलं, पुन्हा, पुन्हा, भुकेल्यासारखं. आत गेलेलं बाहेर येताना वाटेत कुठेतरी बसून राहत होतं.

"बॉक्समध्ये आहे!" ती खालून ओरडली. "अहो, ऐकलंत का? माझ्यात नाही, बॉक्समध्ये आहे!"

 ती बाहेर सरकली, बॉनेट उघडून बॉक्सच्या माथ्यावरचं बूच काढलं आणि आत तार घातली. या बॉक्सात तेल असायचं. दाट, काळपट तेल, जे गिअरवरून ओघळतं आणि परत येऊन बसतं. तार बाहेर आली ती वाळक्या, पिवळट ग्रीसची ढेकळं घेऊन. ग्रीस सांध्यांना ठीक, इथे नाही. गिअरने एकदा बाजूला सारलं की ते बाजूलाच राहतं, दुरावलेल्या नातेवाइकासारखं, आणि गिअर कोरडाच दात घासत बसतो. तिने या बॉक्सात ग्रीस कधीच भरलं नव्हतं. गेले काही मोसम बूच उघडून बघितलंही नव्हतं, कारण खाली गळत नव्हतं. पूर्वी गळायचं. थेंब थेंब, पार्किंगच्या फरशीवर एक काळा डाग कायमचा असायचा. मग एकदा डाग पडायचा थांबला आणि ती खूश झाली होती.

"ते मी भरलं," नवरा म्हणाला. तो अजून सीटवरच होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मुलाखतीला बसल्यासारखा.

"तुम्ही?"

"तो सेक्रेटरी. रोज जिन्यात धरायचा. नवी फरशी घातलीय, वहिनींना सांगा, डाग बघा. तुला सांगितलं असतं तर तू त्याच्याशी भांडली असतीस. मग तो पाणी सोडताना आपला मजला विसरला असता. म्हटलं, आपणच बघू. तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा दुकानात विचारलं, गळणार नाही असं काय मिळेल. त्याने डबा दिला. चमच्याने भरलं." स्टिअरिंगकडे बघत तो म्हणाला, "मला वाटलं, बुळबुळीत ते बुळबुळीत. डाग गेला होता की."

"तेलच गेलं म्हणून डाग गेला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस आयुष्यात कोणाशी भांडला नव्हता. सासूबाई तिसरा कुठे बसणार म्हणाल्या तेव्हा तो म्हणाला होता, बघू. मुलगा आधीच्या चौकात उतरायचा तेव्हा म्हणाला होता, लहान आहे. शांततेचा मोठा दानशूर. फक्त ही शांतता तो नेहमी दुसऱ्याच्या खात्यातून काढायचा, आणि ते खातं बहुधा तिचं असायचं. जिथे जिथे काही गळत होतं, डाग पडत होता, कोणी बोट दाखवत होतं, तिथे तिथे त्याने चमच्याने ग्रीस भरलं होतं, प्रेमाने, तिला न सांगता. वरून सगळं स्वच्छ दिसायचं. आत दात कोरडे. तिला ओरडायचं होतं, आणि ओरडायला हरकतही नव्हती, पार्किंग रिकामं होतं. पण स्टिअरिंगमागे गुडघे दुमडून बसलेला तो इतका अवघडलेला होता, आणि खरं तेच बोलत होता, की ती एवढंच म्हणाली, "चमचा आणा."

"कुठला?"

"ज्याने भरलंत तोच."

त्याने आणला. बॉक्सचं झाकण तिने उघडलं आणि दोघांनी मिळून ग्रीस उपसलं. आत, ग्रीसच्या गोळ्यात, गिअरने आपल्या आकाराची एक पोकळी कोरून ठेवली होती, नीटस, कोरडी, तासलेल्या भिंतींची. त्या पोकळीत तो वर्षभर एकटाच फिरत होता. रॉकेलने सगळं धुऊन निघाल्यावर दात दिसले. कडेचे दात, जे पूर्ण वळणावरच लागतात, अजून कोरे होते, दुकानातून आणल्यासारखे. मधले मात्र झिजलेले, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, अंधारी खोली ते स्वयंपाकघर, सरळ, सरळ, आणि झीज सगळी मध्ये. झाकणाखालचं जुनं गॅस्केट, म्हणजे तेल अडवणारी पातळ पट्टी, उचलताना फाटलं. नवं मिळेना, या गाडीचं कुठे मिळणार? ती वर गेली, कपाटामागून फिल्म काढली, खिडकीशी धरून आपला खांदा एकदा शेवटचा बघितला, वाटी, गोल डोकं, मधली ती अरुंद धुरकट फट, आणि कात्रीने झाकणाच्या आकाराचा तुकडा कापला.

"अगं, डॉक्टरांना परत दाखवायची असली तर?" नवऱ्याने विचारलं.

"गाडीखाली या म्हणावं."

तेल भरलं. आता झाकणावरचा स्क्रू पिळून गिअर आवळायचा होता. पुढची चाकं जॅकवर उचलून, सरळ धरून, ती पिळत गेली. ढील कमी झाली. आणखी पिळला. आणखी कमी. इथे ती थांबली असती तर बरं झालं असतं, पण "आजी" अजून शेजारच्या सीटवर बसलेली होती. तिने ढील पार शून्यावर आणली, हातातलं चाक जरा हललं की बाहेरचा हात हललाच पाहिजे, आणि गाडी मागच्या गल्लीत नेली. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग इतकं घट्ट, इतकं आज्ञाधारक होतं की तिला मुलाला फोन करावासा वाटला. मग गल्लीचं टोक आलं, तिने चाक पूर्ण वळवलं, आणि ते तिथेच रुतलं. वळण संपलं तरी स्टिअरिंग परत येईना. एरवी ते हातांतून आपणहून घरी परततं, तळव्यांना हलकं घासत. आता दोन्ही हातांनी ओढून आणावं लागलं, आणि गाडी कुंपणापासून वीतभर अंतरावर थांबली. खांद्यातून कळ गेली. मग तिच्या ध्यानात आलं. मधल्या झिजलेल्या दातांना धरून एवढं घट्ट केलं की कडेच्या कोऱ्या दातांचा गळा आवळला जातो. सरळ चालायला निर्दोष, वळायला मुकं. अशी गाडी त्या गृहस्थांच्या शेडमध्ये पंख्याखाली फार शोभली असती.

तिने स्क्रू परत सोडवला. थोडा, मग आणखी थोडा. वळणावरून चाक आपणहून परतायला लागेपर्यंत. मध्ये एक बोटभर ढील उरली, ती तिने उरू दिली. मग बँकेच्या त्या चौकात जाऊन वळली, पुन्हा वळली, आणि स्वतःला तपासलं, श्वास न धरता. वळणाच्या सुरुवातीला उजवा खांदा क्षणभर मागे राहत होता. राहतच होता. तो कोणी चमच्याने भरलेला नव्हता. तिला वाटलं होतं की हे दिसलं तर आपण मोडून पडू, पण ती मोडली नाही, तिने हात थोडा आधी वळवला. शिशाचा एप्रन, स्ट्रेचर ओढणं, माणसांना टेबलावर उचलून घेणं, आणि हे स्टिअरिंग, या सगळ्यात तो खांदा झिजला होता. वयोमानानुसार कसली झीज? वापरानुसार. न वापरलेला दात कोराच राहतो, त्याचं कौतुक कोणी सांगावं?

रविवारी ते गृहस्थ आले. मऊ तळव्यांचे बूट, स्वतःची टॉर्च. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि दारावरून हात घालून स्टिअरिंग जरासं हलवलं. "मॅडम, मध्ये प्ले आहे."

"आहे. काढून दाखवू? मग वळणार नाही."

त्यांना हसू आलं. जाणकार होते. "नको, राहू दे. बरोबर आहे ते." मग मुलाकडे बघून, "विकायची आहे ना?"

मुलगा आईकडे बघत होता. "काय निघालं, आई?"

"थोडी गाडीत, थोडी माझ्यात," ती म्हणाली. "दोन्ही तपासून घेतल्यात. मी आता वळण आधी घेते."

"म्हणजे ठरल्याप्रमाणे किल्ली अर्धी माझी."

"अर्धी किल्ली कुठल्याच गाडीला लागत नाही. बस."

"कुठे?"

"सीट दोनच आहेत. विचारतोस काय?"

तो बसला. गुडघे त्याचेही डॅशबोर्डला लागले, बापावर गेलेला. गृहस्थ टॉर्च विझवून जिन्याशी उभे राहिले, बाजारात भाव न होता सौदा मोडलेला बघणाऱ्या माणसासारखे, थोडे खट्टू आणि थोडे खूश. बँकेचा चौक आला तेव्हा मुलाने दाराची कडी धरली. तिने हात थोडा आधी वळवला, मधल्या ढिलीतून आरपार गेली, जुन्या घराच्या अंधाऱ्या बोळातून जावं तशी, न चाचपडता, आणि पलीकडे दात लागले. गाडी वळली. विचार न करता. वळणाच्या शेवटी तिने पकड सैल केली आणि स्टिअरिंग तळव्यांतून घरी परतलं. मुलाने कडी सोडली नाही. पुढच्या चौकात सोडली. "माझं कॉलेज या बाजूला होतं," तो म्हणाला. "फाटकापर्यंत जायचं का?" तिने आधीचा चौक न थांबता ओलांडला.

परत आले तेव्हा गाडी उभी असायची त्या जागी फरशीवर तेलाचा ताजा थेंब पडलेला होता. फिल्मचं गॅस्केट काही फार घट्ट बसलं नव्हतं. सेक्रेटरी त्याच्यावर वाकून उभा होता. "वहिनी, परत डाग! साहेब, बघा की जरा!" नवरा वर्तमानपत्र घेऊन लगबगीने खाली आला, सवयीने. वाकून त्याने कागद नीट पसरला, कोपरे सरळ केले. तिने गाडी हळूच पुढे आणली आणि त्याच्या बोटांपाशी थांबवली. तो वर बघेना.  मग त्याने कागद उचलला, झटकला, पायरीवर जाऊन बसला आणि आतलं पान काढून शब्दकोडं सोडवायला लागला. बॉक्समधून थेंब सुटला आणि फरशीवर पडला.